नऊ दिवस न फाडलेलं पान

अर्थ? मशीन दुरुस्तीला आणलंत की माझ्या नावाचा अर्थ विचारायला आलात? — अहो, बसा आधी, तो स्टूल ओढा, डुगडुगतो पण आजवर कुणाला पाडलं नाही त्यानं — कितवा? सातवा? सातव्या महिन्यात एवढं लोखंड उचलून आणायचं काही कारण? घरात दुसरं कुणी नव्हतं? — बरं, बरं, दारापर्यंत कुणीतरी आणून दिलं. मग त्या कुणाला आत यायला काय झालं होतं? — जाऊ द्या, मला काय करायचंय. पण ते नाव पुन्हा मोठ्यांदा घेऊ नका. आत आई झोपलीय. दुपारची दोन तास काय ती झोप, बाकी टक्क जागी असते. तेव्हा जरा हळू बोला. — मी? मी हळूच बोलतोय! माझा आवाजच असा आहे, सगळा जन्म मशिनींच्या खडखडाटात गेला, त्याला मी काय करू?

हं. तर घरात बाळ यायचंय, आणि मुलगा झाला तर हे नाव ठेवायचं म्हणता. संताचं आहे, जुनं आहे, हल्ली कुणी ठेवत नाही, कानाला गोड लागतं. झालं? एवढ्यावर नाव ठेवतात लोक! मशीन घेताना चार दुकानं फिरतील, चाक फिरवून बघतील, चिंधीवर टाका घालून बघतील, आणि पोराला नाव ठेवायचं तर — कानाला गोड लागतं! अर्थ हवाय ना? घ्या अर्थ. वाचनालयात नावांची तीन पुस्तकं आहेत, मी तिन्ही वाचलीत, एकदा नाही, दहादा. तिथली बाई मला दारात बघितलं की न सांगता काढून ठेवायची. पहिल्यात लिहिलंय, 'मागून मिळालेला'. म्हणजे कुणीतरी देवापुढे हात पसरले, रडून मागितलं, आणि मिळाला. वा! माझ्यासाठी कोण बसलं होतं हात पसरून? दुसरं पुस्तक म्हणतं, छे हो, तसलं काही नाही, मूळ शब्द डोंगराकडच्या लोकांचा, अर्थ 'बकऱ्या राखणारा'. बकऱ्या! एकाच नावाचे दोन अर्थ आणि दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. हसताय? हसा. मीही हसलो होतो, तिसरं पुस्तक वाचेपर्यंत.

तिसरं जाडजूड आहे, संतांच्या गोष्टींचं. त्यात आहे — एका विधवेचा एकुलता एक मुलगा, राजाच्या माणसांनी धरलेला, काही अपराध नसताना, आणि सकाळी फाशी. आणि हे आपले संत — तेव्हा कुठले संत, तुरुंगात झाडलोट करणारा साधा माणूस — यांनी काय केलं, त्या पोराला आपले कपडे चढवले, हातात झाडू दिला, दाराबाहेर काढलं आणि स्वतः त्याच्या जागी जाऊन बसले. सकाळी शिपायानं नाव पुकारलं, पोराचं, आणि यांनी ओ दिली. गेले. मग लोकांना कळलं, मग रडारड, मग संतपद. आता यातली खोच बघा, ही कुणाच्या लक्षात येत नाही — त्या झाडूवाल्याचं स्वतःचं नाव काय होतं ते कुणालाच ठाऊक नाही. कुणी विचारलंच नव्हतं कधी. त्यामुळे संताला जे नाव चिकटलं ते त्या पोराचं. म्हणजे आपण जे नाव घेतो, ते जो मेला त्याचं नाहीच मुळी. जो वाचला आणि आपल्या आईकडे घरी गेला, त्याचं आहे! आणि त्या पोराचं पुढे काय झालं? एक ओळ नाही. जाडजूड पुस्तक, पण एक ओळ नाही. घरी गेलं, जेवलं, म्हातारं झालं असेल. अहो, पण त्याला झोप लागायची का? आईनं ताट वाढलं की घास उतरायचा का त्याच्या घशाखाली? ते लिहा ना कुणीतरी! — ओरडत नाहीये मी. सांगतोय.

तेव्हा नका ठेवू. माझं ऐका, दुसरं कुठलंही ठेवा, फुलाचं ठेवा, नदीचं ठेवा. माझं कुणी ठेवलं म्हणता? कॅलेंडरनं ठेवलं. खरंच. मी अनाथाश्रमातला, अडीच वर्षांचा होईपर्यंत तिथे होतो — त्यात लपवण्यासारखं काय आहे, सगळ्या रस्त्याला माहीत आहे, आईच सांगते सगळ्यांना. तर तिथे मोठ्या बाई म्हणून होत्या, सगळा कारभार त्यांचा. त्यांचा नियम असा, की ज्या दिवशी मूल येईल त्या दिवशीच्या संताचं नाव त्याला द्यायचं. भिंतीवर तारखांचा गठ्ठा टांगलेला असायचा, रोजचं एक पान, पानावर तारीख आणि त्या दिवसाचा संत. मूल आलं की मोठ्या बाई भिंतीकडे बघायच्या आणि वहीत उतरवायच्या — नावही तिथूनच आणि तारीखही तिथूनच. डोक्याला ताप नाही. आता रोज पान फाडायचं काम कुणाचं? स्वयंपाकीणबाईंचं. सकाळी त्या पानानं शेगडी पेटवायच्या. बाकी कुणाचा हात धजायचा नाही — संताचं चित्र फाडायचं आणि वर विस्तवात घालायचं! बाई मात्र म्हणायच्या, कालचा संत काल झाला, आज भात कसा शिजणार ते बोला.

आणि एक दिवस या स्वयंपाकीणबाई ओल्या फरशीवरून घसरल्या. मनगट मोडलं. नऊ दिवस घरी. नऊ दिवस ते पान भिंतीवर तसंच! शेगडी दुसऱ्या कुणीतरी रॉकेल ओतून पेटवली, पण पानाला हात लावायची एकाची हिंमत नाही. आणि त्या नऊ दिवसांत पोरं आली तीन. तिन्ही मुलगे. तिघांना एकच संत, एकच नाव, आणि वहीत तिघांची तारीखही एकच. दहाव्या दिवशी बाई हात गळ्यात बांधून परत आल्या आणि कपाळावर हात मारून घेतला — दुसरा. मग मोठ्या बाईंना सांगितलं, तर मोठ्या बाई म्हणाल्या, दिलेलं नाव परत घेतलं तर संताचा अपमान होतो. अपमान! पोरांचं काय व्हायचं ते होवो, संताचा अपमान नको! तारीखही नाही खोडली, खाडाखोड केली की वही तपासणारा साहेब ओरडतो म्हणे. मग आम्ही तिघं तिथे थोरला, मधला आणि धाकटा. मी थोरला, पहिल्या दिवशीचा. धाकटा वर्षाच्या आत तापानं गेला. तर असं हे नाव. मागून मिळालेला नाही न् बकऱ्या राखणारा नाही. पान फाडायचं राहिलं, हा माझ्या नावाचा अर्थ.

मग काय, पुढे गोड आहे गोष्ट. आई आली. ती शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची, एकटीच होती, वीस दिवसांचं बाळ तिथे ठेवून गेली होती, हातात दिलं होतं मोठ्या बाईंच्या, टाकून नव्हती गेली — हे ती आजही प्रत्येकाला बजावून सांगते. मूल हातात दिलं की चिठ्ठी मिळायची, नाव आणि तारीख लिहिलेली. अडीच वर्षांनी तिला एक खोली मिळाली, स्वतःचं मशीन मिळालं, आणि ती चिठ्ठी घेऊन आली. मोठ्या बाईंनी वही उघडली. नाव जुळलं. तारीख जुळली — का नाही जुळणार! मग त्यांनी अंगणाकडे तोंड करून नाव पुकारलं. आणि मी धावत सुटलो तो थेट तिच्या पिशवीला लटकलो. ती खाली बसली, मला कवटाळलं, मोठ्या बाईंनी डोळे पुसले, म्हणाल्या, बघा, रक्तानं रक्त ओळखलं. ही गोष्ट आई दर वाढदिवसाला सांगते. तूच धावत आलास रे, तूच मला ओळखलंस. शेजारच्या बायका ऐकून रडतात. आता झालं समाधान? तुमचं मशीन बघू द्या.

काय? — पुन्हा बोला. — 'मधल्याचं काय झालं?'

नाही, थांबा. साठ वर्षं आई ही गोष्ट सांगतेय. ऐकणारा विचारतो, आईला कसं वाटलं, तुम्हाला काही आठवतं का, चिठ्ठी अजून आहे का. मधल्याचं काय झालं हे आजपर्यंत एकानं विचारलेलं नाही. एकानं! — आणि हे बघा, या मशिनीला काय धाड भरलीय? सुई उलटी बसवलीय कुणीतरी, खाचेची बाजू बाहेर. बाकी तेलपाणी केलेलं, शटल लख्ख, पट्टा नवा. जो माणूस मशीन असं निगुतीनं ठेवतो तो सुई उलटी बसवत नाही, बाई. मुद्दाम बसवली तरच बसते. आणि दारावरच्या पाटीवर काय लिहिलंय? 'शिलाई मशीन दुरुस्ती'. नाव नाही माझं. मी घातलंच नाही कधी. इथे सगळे मला मशीनवाले म्हणतात. मग आल्या आल्या 'तुमच्या नावाचा अर्थ काय हो' — कुणी सांगितलं तुम्हाला माझं नाव?

पाणी घ्या. घाम फुटलाय तुम्हाला. घ्या, पाण्याशी भांडण नाही माझं — थांबा. ग्लास तसाच धरा. हलवू नका हात.

बघू. डावी करंगळी. वरच्या पेरात आत वळलेली. — आत ओढू नको हात, बघितली मी! माझ्या आईची अशी आहे. तिच्या बापाची होती, फोटोत दिसते. मामाची होती, त्याला त्या बोटानं हातमोजा घालता यायचा नाही. सगळ्या घराण्यात एकाचं बोट सरळ नाही, आणि हे माझं बघ. बघ की! रुळासारखं सरळ. — तू कोण आहेस? मधल्याची कोण तू?

मुलगी.

म्हणजे लग्न झालं त्याचं. पोरं झाली. हं. नाही, मला काय, चांगलं झालं. मी नाही केलं लग्न. कुणाला काय सांगणार होतो, कोणाच्या नातवंडांना कोणाच्या मांडीवर ठेवणार होतो? — आता तुला वाटत असेल, या माणसाला काही ठाऊक नव्हतं, बिचारा. बिचारा वगैरे काही नाही. एकोणिसाव्या वर्षापासून ठाऊक आहे मला. त्याच स्वयंपाकीणबाई इथे आल्या होत्या, मशीन घेऊन, तुझ्यासारख्याच या स्टुलावर बसल्या, आणि हसत हसत सांगायला लागल्या नऊ दिवसांची गंमत. त्यांच्या लेखी गंमत! म्हणाल्या, तुम्ही तिघं एका नावाचे, आणि तू तर काय रे, पिशवी घेतलेली बाई दिसली की धावायचास, पाववाली असो, धोबीण असो. आणि मधला लाजाळू, हाक मारली की खांबामागे लपायचा. त्या बोलत होत्या आणि मी मशिनीचं चाक धरून उभा होतो. पिशवी घेतलेली बाई दिसली की! समजतंय तुला? मी कुणालाही ओळखलं नव्हतं. पिशवीला पावाचा वास येत होता.

मग गेलो तिथे. वही मागितली, नोकरीसाठी दाखला हवा म्हणून. कारकुनानं दिली आणि तो चहाला गेला. वहीत शेवटचा रकाना असतो — अंगावरची खूण. माझ्या नावापुढे, 'खूण नाही'. खाली मधला, तेच नाव, तीच तारीख, आणि पुढे स्वच्छ अक्षरात, 'डाव्या हाताची करंगळी वाकडी'. तिथेच होतं सगळं, अगदी समोर! त्या दिवशी मोठ्या बाईंनी बोट जरा पुढे सरकवलं असतं तर! पण कोण बघतंय, पोरगं बिलगलं होतं ना, रक्तानं रक्त ओळखलं होतं! — आणि मी ते पान फाडलं. हो, मीच. असं बघतेस काय? बाकी कुणाची हिंमत नव्हती ना पानं फाडायची, मी फाडलं. घडी केली, शर्टात घातलं आणि बाहेर आलो. कारकून चहा पीत होता, त्यानं मला नमस्कारही केला. मधला तेव्हा शहरात कुठेतरी रंगकाम शिकत होता, त्याच पानाच्या समासात पत्ता लिहिलेला होता त्याचा. इथून चार रस्ते. चार! गेलो असतो तर चालत दहा मिनिटं.

नाही गेलो. का नाही गेलो म्हणून विचारू नकोस, तुला ठाऊक आहे का नाही गेलो. जाऊन काय बोलणार होतो? हे घे तुझी आई, सोळा वर्षं वापरलेली आहे?

आणि तू कशी पोचलीस इथपर्यंत? पान तर माझ्याकडे आहे. — दुसरी वही? कसली दुसरी वही? — घरी गेलेल्या मुलांची वेगळी? — हो? — मला वाटलं एकच असते. चव्वेचाळीस वर्षं मी निर्धास्त, आणि कपाटात दुसरी वही! शाबास. आणि त्यात आईचं नाव, शर्टांचा कारखाना, मागाहून कुणा कारकुनानं उतरवलेली वाकड्या करंगळीची खूण, सगळं. म्हणजे तू आठ दिवस दुकानावर पाळत ठेवून असशील, चौकशा केल्या असशील शेजारी, हा मशीनवाला माणूस कसा आहे, म्हातारी आहे का अजून. आहे! चौऱ्यांशी वर्षांची आहे. काय हवंय तुला तिच्याकडून? न्यायचीय तिला? ने. पण आधी हे लिहून घे — तिला भात मऊ लागतो पण गिचका नाही. सकाळची गोळी पाण्याबरोबर दिली तर थुंकते, दुधाबरोबर द्यावी लागते. दिसत नाही तिला, पण तसं म्हटलेलं चालत नाही, दिवा कमी आहे म्हणायचं. अंघोळीला पाठ मी चोळतो, तिला लाज वाटते म्हणून त्या वेळी मी बडबड करत राहतो, मशिनींबद्दल, कुठल्या गिऱ्हाइकानं काय मोडून आणलं त्याबद्दल. हे सगळं कोणत्या वहीच्या कोणत्या रकान्यात लिहिलंय गं? बोट वाकडं असलं की झालं का पोटचं पोर? साठ वर्षांत एक रात्र मी तिला एकटी ठेवलेली नाही! माझ्याकडे दुसरं काही नाहीच, कळतंय का तुला? बायको नाही, पोर नाही, नाव म्हणशील तर तेही तिघांत एक. मला ती एक आहे!

आणि तिला कळलं नसेल म्हणतेस? मी रोज हाच विचार करतो. वीस दिवस दूध पाजलं होतं तिनं. वीस दिवस त्या बोटाशी खेळली असेल, आपल्या बापाचं बोट आलंय म्हणून. मग घरी आणलेल्या पोराचं बोट सरळ! बघितलं नसेल? बघितलं होतं. बघितलं होतं गं. कारण पाहुणे आले की ती काय सांगायची ठाऊक आहे? माझा हात धरून सांगायची, याची करंगळी जन्मतः आमच्यासारखीच होती, मी रोज तेल लावून चोळून सरळ केली. मामासमोर सांगायची! मामा आपल्या बोटाकडे बघायचा, मग तिच्या तोंडाकडे बघायचा. आणि खरंच चोळायची ती. मला आठवतं. पाचसहा वर्षांचा असेन, रोज संध्याकाळी वाटीत तेल कोमट करून, सरळ बोट — सरळ करायची. मी कधी विचारलं नाही तिला. मी विचारलं असतं आणि ती 'हो' म्हणाली असती तर कुठे गेलो असतो मी?

तुझ्या बापाला सांग, काय हवंय ते. भांडायला आलायस म्हणावं तर समोर ये, बायकापोरींना कशाला पुढे करतोस. — काय? त्याला यायचंच नव्हतं? — काय म्हणाला तो? नीट सांग. 'तिचा मुलगा आहे तिच्याजवळ, राहू दे'? असं म्हणाला? अस्सं. मोठा संत लागून गेला! मला संतपणा दाखवतो! मी इथे एकोणिसाव्या वर्षापासून आतल्या आत सडतोय, आणि हा तिकडे भिंती रंगवत बसलाय आणि म्हणतो राहू दे! त्यानं शिव्या द्याव्यात मला, येऊन दुकान फोडावं, हे मशीन उचलून रस्त्यावर टाकावं, ते मला कळेल! राहू दे कसलं? कुणी मागितलं होतं त्याच्याकडे? — आणि मशीन मग कुणी आणून दिलं दारापर्यंत? — दाराबाहेर काय बघतेस? — तोच? तो समोर बाकावर बसलाय तो? ती पांढरी टोपी? तो मधला? इतका वेळ तो तिथे उन्हात बसलाय, माझ्या दारासमोर, आणि तू मला नावांचे अर्थ —

चूप. एक मिनिट चूप.

आई? — जागी आहेस? — कधीपासून? — नाही, ओरडत नव्हतो कुणावर, गिऱ्हाईक आहे, मशीन घेऊन — काय? — काय म्हणालीस? — हो. — हो, आई. — हो.

ऐकलंस ना? त्याला उन्हात बसवून ठेवू नकोस म्हणाली. आत आण म्हणाली. कोण, कुठला, काही विचारलं नाही तिनं. डोळे गेलेत तिचे, कान शाबूत आहेत, आणि मी गाढव तुला हळू बोल म्हणून सांगत बसलो आणि स्वतः घसा फोडून — सगळं ऐकलं तिनं. पानाचंसुद्धा.

रडू नकोस. या दिवसांत रडू नये. ऊठ, मी धरतो, दाराशी पायरी आहे, जपून. जा, घेऊन ये त्याला. नाही म्हणाला तर सांग, आईनं बोलावलंय, आता बघतो कसा नाही येत ते. दार वाजवायला सांग त्याला, उघडंच आहे पण वाजवू दे. दार वाजलं की ती आतून नाव घेऊन हाक मारते, दारात दुसरं कोण असणार या हिशेबानं. आताही मारेल. तेव्हा खांबामागे लपू नको म्हणावं. — मी? मी इथे ही सुई सरळ करतोय. मी ओ देणार नाही.

जा ना, पोरी.